शानशुई छायाचित्रण

शानशुई छायाचित्रण ही पर्वतीय निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणाची एक शैली आहे. चीनमधील पारंपरिक शाईचित्रांची रचना, करड्या छटांचा क्रम आणि कोऱ्या जागेचा वापर हे या शैलीचे आधार होत. ढगांतून वर आलेली शिखरे, कड्यावरचे एकाकी झाड, दरीत भरलेले धुके आणि या सर्वांत अगदी लहान दिसणारा माणूस किंवा होडी ही तिच्यातील नेहमीची दृश्ये आहेत. चित्र बहुधा कृष्णधवल किंवा फिकट तपकिरी असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शांघाय येथे या शैलीला निश्चित रूप आले. लांग जिंगशान (१८९२–१९९५) हे तिचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रकार होत.

डोंगराचा कोणता भाग दाखवायचा आणि कोणता झाकायचा, हा या शैलीपुढील मुख्य प्रश्न आहे. चित्रकाराला ही निवड पूर्णपणे स्वतःच्या हातात ठेवता येते. छायाचित्रकारासमोर मात्र प्रत्यक्ष डोंगर असतो, आणि पुष्कळदा त्या डोंगरावर राहणारी माणसेही असतात. त्यामुळे या शैलीची चर्चा सौंदर्यापुरती मर्यादित राहत नाही. छायाचित्राच्या सत्यतेचा प्रश्नही तिच्याबरोबर येतो.

नाव

चिनी भाषेत 'शान' म्हणजे पर्वत आणि 'शुई' म्हणजे पाणी. पर्वत, नद्या, धबधबे आणि धुके यांच्या चित्रांना 'शानशुई' चित्रे म्हणतात. छायाचित्रणासाठी चिनी भाषेत 'शेयिंग' हा शब्द आहे. त्याचा अर्थ सावली किंवा प्रतिमा टिपून घेणे असा होतो. मराठीतील 'छायाचित्र' या शब्दातही सावलीचीच कल्पना आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

चित्रकलेतील पार्श्वभूमी

चिनी शाई परंपरेने लाकडाच्या किंवा तेलाच्या काजळीत सरस मिसळून तयार करतात. तिची वडी दगडावर पाण्यात उगाळली जाते. पाण्याचे प्रमाण बदलले की गडद काळ्यापासून अतिशय फिकट करड्यापर्यंत अनेक छटा मिळतात. एकट्या शाईतच पाच रंग सामावलेले असतात, अशी समजूत या परंपरेत रूढ आहे. आन्ह्वेई प्रांत उत्तम शाईसाठी आणि 'श्वेन' नावाच्या कागदासाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. चिनी चित्रकारांचा आवडता ह्वांगशान पर्वतही याच प्रांतात आहे.

सोंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९) पर्वतचित्रे विशेष बहरली. फान क्वान याच्या चित्रात उभ्या चित्रपटाचा बहुतेक भाग एका प्रचंड कड्याने व्यापलेला आहे. तळाशी खेचरांचा लहानसा तांडा चालला आहे. तो नजरेस पडला की कड्याची खरी उंची जाणवते. ग्वो शी याने १०७२ साली काढलेले 'वसंतारंभ' हे चित्रही याच परंपरेतील आहे. ही दोन्ही चित्रे तैपेई येथील राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहेत.

ग्वो शी याचे चित्रकलेविषयीचे विचार त्याच्या मुलाने संकलित केले. छायाचित्रकारांनी त्यांतील तीन विचारांचा विशेष उपयोग केला.

पहिला विचार अंतराचा आहे. डोंगराकडे पाहण्याचे तीन प्रकार ग्वो शीने सांगितले. पायथ्यापासून शिखराकडे पाहणे हे 'उंच अंतर', समोरच्या डोंगरावरून पलीकडच्या दरीखोऱ्यांत पाहणे हे 'खोल अंतर' आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या रांगांकडे पाहणे हे 'सपाट अंतर' होय. एकाच चित्रात हे तिन्ही प्रकार येऊ शकतात. युरोपीय यथादर्शनात पाहणारा एका जागी स्थिर असतो. येथे तो चित्रातून चालत जातो, अशी कल्पना आहे.

दुसरा विचार झाकण्याचा आहे. डोंगर संपूर्ण दाखवला तर तो उंच भासत नाही. त्याच्या मध्यावर धुक्याचा पट्टा आला की वरचे शिखर अधिक उंच वाटू लागते.

तिसरा विचार निवासाचा आहे. काही निसर्गदृश्ये वाटेने जाण्याजोगी, काही पाहण्याजोगी, काही रमतगमत हिंडण्याजोगी आणि काही राहण्याजोगी असतात, असे वर्गीकरण ग्वो शीने केले. त्यांतील शेवटचे दोन प्रकार त्याने श्रेष्ठ मानले. चिनी पर्वतचित्रांत झोपडी, पायवाट, पूल, लाकूडतोड्या किंवा कोळी वारंवार का दिसतात, याचे उत्तर या विचारात मिळते. डोंगर कितीही भव्य असला तरी तो निर्मनुष्य नसतो.

पुढे मी फू आणि त्याचा मुलगा मी योउरेन यांनी ओल्या ठिपक्यांनी ढगाळ डोंगर रंगवले. मा युआन आणि श्या ग्वे या दक्षिण सोंग काळातील चित्रकारांनी चित्रविषय एका कोपऱ्यात किंवा एका बाजूला घेऊन उरलेला भाग जवळजवळ कोरा ठेवला. सतराव्या शतकात होंगरेन आणि शी ताओ यांनी ह्वांगशानची शिखरे वारंवार चित्रित केली.

कोरा कागद आणि छायाचित्राचा छाप

शाईचित्र आणि पारंपरिक कृष्णधवल छायाचित्र यांच्यात एक तांत्रिक साम्य आहे. शाईचित्रातील ढग, पाणी किंवा धुके यांना सहसा पांढरा रंग दिलेला नसतो. शाई न लागलेला कागदच तेथे ढग होतो. चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या छायाचित्रण-कागदावरही हेच घडते. प्रकाश पडतो तेथे चांदीचे कण काळे होतात आणि प्रकाश न पोहोचलेला कागद पांढरा राहतो. निगेटिव्हमध्ये आकाश व धुके गडद असतात. ते प्रकाश अडवतात, म्हणून छापात ती जागा कोरी उमटते.

डोंगराच्या दूरच्या रांगा फिकट दिसण्यामागे हवेचे कार्य असते. हवेतील बाष्प व धूलिकण प्रकाश विखुरतात. रांग जितकी दूर, तितका तिच्या आणि पाहणाऱ्याच्या मध्ये विखुरलेला प्रकाश जास्त असतो. त्यामुळे जवळची रांग काळसर, तिच्यामागची करडी आणि सर्वांत मागची जवळजवळ आकाशाच्या छटेची दिसते. चित्रकार शाईत पाणी वाढवून जो परिणाम साधतो, तो दमट हवेत डोंगरावर आपोआप घडलेला असतो.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक मात्र समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. दाट धुक्याचे छायाचित्र स्वयंचलित मापनाने घेतल्यास धुके मळकट करडे दिसते. ते पांढरे राखायचे असेल, तर मापकाने सुचवल्यापेक्षा एक ते दोन स्टॉप अधिक प्रकाश द्यावा लागतो. दूरच्या रांगा एकमेकींच्या जवळ आणण्यासाठी टेलिफोटो भिंग वापरतात. अंतर दबले गेल्यामुळे रांगा एकावर एक रचल्यासारख्या दिसतात आणि चित्र सपाट कागदावर काढल्याचा भास होतो.

इतिहास

लांग जिंगशान

लांग जिंगशान यांचा जन्म १८९२ साली ज्यांगसू प्रांतात झाला. शांघायमधील शाळेत असताना चित्रकलेच्या शिक्षकाकडून त्यांना शाईचित्रणाची आणि छायाचित्रणाची ओळख झाली. पुढे त्यांनी शांघायच्या वृत्तपत्रांत काम केले. चीनमधील सुरुवातीच्या वृत्तछायाचित्रकारांत त्यांची गणना होते. १९२८ साली शांघायमध्ये स्थापन झालेल्या छायाचित्रकारांच्या संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होते.

१९३४ मध्ये ब्रिटनमधील एका छायाचित्र प्रदर्शनासाठी त्यांच्या 'वसंतवृक्ष आणि अद्भुत शिखरे' या छायाचित्राची निवड झाली. हे छायाचित्र एकापेक्षा अधिक निगेटिव्ह जोडून तयार केलेले होते. या पद्धतीला त्यांनी 'जिजिन शेयिंग' असे नाव दिले. 'जिजिन' म्हणजे जरतारी वस्त्राचे तुकडे एकत्र करणे, आणि त्यावरून निवडक सुंदर भागांचा संग्रह.

या पद्धतीत एका निगेटिव्हमधून झाड, दुसऱ्यातून शिखर आणि तिसऱ्यातून पाणी किंवा माणूस घेतला जाई. एन्लार्जरखाली कागदाचा नको असलेला भाग झाकून एकेक निगेटिव्ह क्रमाने छापले जाई. जोड उघडे पडू नयेत म्हणून ते धुक्याच्या कोऱ्या जागेत येतील अशी मांडणी केलेली असे. चित्रात धुके डोंगराची उंची वाढवत असे आणि डार्करूममध्ये तेच जोडही लपवत असे.

एकापेक्षा अधिक निगेटिव्ह जोडणे हा लांग यांचा शोध नव्हता. ऑस्कर रायलँडर यांनी १८५७ साली आणि हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८ साली इंग्लंडमध्ये अशी छायाचित्रे केली होती. लांग यांचे वेगळेपण त्यामागील विचारात आहे. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या श्ये ह या समीक्षकाने चित्रकलेची सहा तत्त्वे सांगितली होती. चित्रात प्राण संचारावा हे पहिले आणि घटकांची योग्य मांडणी व्हावी हे त्यांतील आणखी एक तत्त्व. चित्रकार अनेक डोंगर पाहतो आणि त्यांतून एक डोंगर रचतो. छायाचित्रकारालाही तशीच मोकळीक असावी, अशी भूमिका लांग यांनी या तत्त्वांच्या आधारे मांडली.

१९४९ नंतर ते तैवानमध्ये स्थायिक झाले. पूर्वी मुख्य भूमीवर घेतलेल्या निगेटिव्हांमधून ते तेथेही नवी चित्रे रचत राहिले. ज्या डोंगरांवर परत जाता येत नव्हते, ते अशा रीतीने त्यांच्या छायाचित्रांत येत राहिले. प्रसिद्ध चित्रकार झांग दाच्येन यांनी लांब अंगरखा घातलेल्या वृद्ध विद्वानाच्या रूपात त्यांच्या अनेक छायाचित्रांसाठी काम केले. १९९५ साली तैपेई येथे लांग यांचे निधन झाले.

चेन फूली आणि डॉन हाँग-ओई

ग्वांगदोंग प्रांतात जन्मलेले चेन फूली (१९१६–२०१८) यांनी हाँगकाँगमध्ये राहून चिनी चित्रकलेशी नाते सांगणारी निसर्गछायाचित्रे केली. त्यांच्या काही छायाचित्रांवर चित्रकारांनी शाईने झाडे, पक्षी किंवा माणसे काढली. छायाचित्र आणि चित्र यांचा असा एकाच कागदावरील संयोग हे त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य आहे.

डॉन हाँग-ओई (१९२९–२००४) यांचा जन्म ग्वांगझोऊ येथे झाला. लहानपणीच ते सायगावला गेले. १९७९ साली व्हिएतनाम सोडून ते अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोला आले. लांग जिंगशान यांच्याकडून ते जोडचित्राची पद्धत शिकले. त्यांची छायाचित्रे फिकट तपकिरी असून त्यांवर चिनी अक्षरे व तांबडा शिक्का असतो. दुरून पाहणाऱ्यास ती चित्रेच वाटतात.

वांग वूशेंग

आन्ह्वेई प्रांतातील वूहू येथे जन्मलेले वांग वूशेंग (१९४५–२०१८) यांनी १९७४ पासून ह्वांगशान हा एकच विषय अनेक दशके हाताळला. ग्रॅनाइटच्या सुळक्यांचा हा पर्वत १,८६४ मीटर उंच असून १९९० पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वांग यांच्या छायाचित्रांत शिखरे दाट शाईसारखी काळी असतात आणि त्यांच्यामधून ढग वाहत असतात. लांग यांनी अनेक जागा जोडून मनातला डोंगर उभा केला. वांग एका ठरावीक डोंगरावर पुन्हा पुन्हा गेले आणि ढग हवे तसे येईपर्यंत थांबले. शैलीतील दोन मुख्य प्रवाह या दोघांच्या कामातून स्पष्ट होतात: एक रचणाऱ्यांचा आणि एक वाट पाहणाऱ्यांचा. ब्रिटिश छायाचित्रकार मायकेल केन्ना यांची ह्वांगशानची छायाचित्रेही दुसऱ्या प्रवाहाला जवळची आहेत.

समकालीन काम

एकविसाव्या शतकात काही चिनी कलावंतांनी या शैलीचा उपयोग तिच्याच विरोधात केला. याओ लू (जन्म १९६७) यांच्या 'नवी निसर्गदृश्ये' या मालिकेत लांबून हिरवे-निळे डोंगर दिसतात. जवळून पाहिल्यावर ते बांधकामाच्या हिरव्या जाळीने झाकलेले राडारोड्याचे ढीग आहेत, हे ध्यानात येते. शांघायचे यांग योंगल्यांग (जन्म १९८०) यांच्या चित्रांतील कडे असंख्य उंच इमारतींचे बनलेले असतात आणि कड्यावरच्या झाडांच्या जागी बांधकामाच्या क्रेन व विजेचे मनोरे उभे असतात. दोघांचेही काम संगणकावर जोडलेले आहे.

आक्षेप

या शैलीवर मुख्यतः दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप सत्यतेविषयी आहे. जोडचित्रातील डोंगर प्रत्यक्षात कोठेही नसतो. मग त्याला छायाचित्र म्हणावे काय, असा हा प्रश्न आहे. शिक्का, सुलेखन आणि रचना यांमुळे ही चित्रे आपली कृत्रिमता लपवत नाहीत, असे समर्थक म्हणतात. एखाद्या विशिष्ट जागेचे नाव देऊन जोडचित्र प्रसिद्ध केले, तर मात्र हे समर्थन अपुरे पडते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९३७ पासून चीन युद्धात होरपळत असताना शांत डोंगर आणि नौकाविहार करणारे विद्वान दाखवणे म्हणजे वास्तवापासून दूर जाणे होय, असे टीकाकार मानतात. उलट बाजूने असे सांगितले जाते की, चीनमध्ये राजवटी कोसळत असतानाही चित्रकारांनी डोंगर काढले. हरवलेल्या देशाची आठवण जपण्याचा तो एक मार्ग होता. लांग आणि हाँग-ओई या दोघांनाही आपली मूळ भूमी सोडावी लागली, ही गोष्ट या युक्तिवादाला बळ देते.

भारताशी संबंध

चिनी शाईचित्रांचा आधुनिक भारतीय कलेशी संबंध प्रामुख्याने शांतिनिकेतनमार्गे आला. १९२४ साली रवींद्रनाथ ठाकूर यांच्यासमवेत नंदलाल बोस चीनला गेले होते. १९३७ साली शांतिनिकेतनात चीनभवन सुरू झाले. चित्रकार शू बेइहोंग १९३९–४० मध्ये भारतात होते. या मुक्कामात त्यांनी हिमालयाची चित्रे काढली आणि डोंगर हलवणाऱ्या वृद्धाच्या चिनी दंतकथेवरील आपले प्रसिद्ध चित्र १९४० साली पूर्ण केले. त्या चित्रातील काही व्यक्तींसाठी त्यांनी भारतीय माणसांना समोर ठेवले होते.

सातपुड्यातील उपयोजन

शानशुई शैलीची तत्त्वे चीनबाहेरच्या डोंगरांना लावताना तेथील भूरूप आणि वस्ती या दोन्हींचा विचार करावा लागतो. महाराष्ट्राच्या वायव्य टोकाचा नंदुरबार जिल्हा हे त्याचे चांगले उदाहरण आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून हा जिल्हा निर्माण झाला. दक्षिणेकडे तापीचे खोरे, उत्तरेकडे नर्मदा आणि मध्ये सातपुड्याच्या रांगा अशी त्याच्या मोठ्या भागाची रचना आहे. अक्राणी तालुक्यातील तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण अकराशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. अस्तंभा शिखराची उंची १,३२५ मीटर आहे.

ह्वांगशानचे सुळके ग्रॅनाइटचे आहेत. येथील सातपुडा मुख्यतः लाव्हाच्या थरांपासून बनलेल्या बेसॉल्टचा आहे. त्यामुळे सुळक्यांपेक्षा सपाट माथे, पायऱ्यापायऱ्यांचे उतार आणि एकामागे एक लांबत गेलेल्या रांगा येथे अधिक दिसतात. ग्वो शीच्या परिभाषेत सांगायचे, तर हा मुलूख 'उंच अंतरा'पेक्षा 'सपाट अंतरा'ला अनुकूल आहे. तोरणमाळजवळील सीताखाईसारख्या खोल दरीत मात्र 'खोल अंतर' साधता येते. पावसाळ्यात दरी ढगांनी भरते आणि कड्यावरून धबधबे कोसळतात. सलग पावसात काहीच दिसत नाही. उघडीप पडताना ढग फाटतात आणि एकेक रांग उघडी होत जाते, तो थोडा वेळ अशा छायाचित्रणास सर्वांत योग्य असतो. उन्हाळ्यात पानगळीची झाडे निष्पर्ण होतात. त्या वेळी फांद्यांच्या रेषा शाईच्या रेषांसारख्या स्पष्ट दिसतात, परंतु धुके नसते.

वस्तीचा विचार येथे अधिक महत्त्वाचा ठरतो. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. सातपुड्याच्या उतारांवर भिल्ल व पावरा समाजांचे पाडे विखुरलेले असून घरे पुष्कळदा आपापल्या शेताजवळ, एकमेकांपासून अंतरावर असतात. अस्तंभा शिखरावर दिवाळीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या यात्रेसाठी भाविक रात्री डोंगर चढतात. डोंगरावरील घर, शेत, पायवाट आणि चालणारा माणूस हे घटक या मुलखात मुळातच आहेत. 'राहण्याजोगा डोंगर' दाखवण्यासाठी छायाचित्रकाराला ते बाहेरून आणावे लागत नाहीत. उलट निर्जन डोंगर दाखवण्यासाठीच त्याला ते चौकटीबाहेर ठेवावे लागतात किंवा धुक्यात लपवावे लागतात. हे करताना तो चिनी परंपरेचेही पालन करत नाही, कारण त्या परंपरेत माणूस लहान असला तरी गाळलेला नसतो.

नर्मदाकाठी हा प्रश्न आणखी तीव्र होतो. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे बुडिताची झळ बसलेले महाराष्ट्रातील पहिले गाव होय. दऱ्यांत पाणी शिरल्यामुळे काही टेकड्यांची बेटे झाली असून तेथील लोक होडीने ये-जा करतात. स्थिर पाणी, त्यातून वर आलेले डोंगरमाथे आणि एक लहान होडी हे दृश्य शानशुई चित्राशी तंतोतंत जुळते. मात्र चिनी चित्रातील कोळी आपल्या नदीवर असतो, आणि येथील होडीखाली कोणाचे तरी शेत किंवा घराचा चौथरा असू शकतो. अशा छायाचित्रात कोरी ठेवलेली जागा पाहणाऱ्याला केवळ शांत पाणी वाटते. म्हणून ठिकाणाचे नाव, वर्ष आणि ते पाणी धरणाचे असल्याचा उल्लेख छायाचित्राखालील ओळीत असणे आवश्यक ठरते. चिनी चित्रांवरही चित्रकार अनेकदा प्रसंग, स्थळ व काळ यांची नोंद लिहीत असत, आणि ती नोंद चित्राचाच भाग मानली जात असे.